आयच्या दगडावरचं शेवाळ

बाबा,

तुमी डोळे मिटून पडलेले, म्हणून उठवलं नाय. साडेसहाच्या एसटीनं मुरबाडला जाते, आजपासून कामावर हजर व्हायचंय.

काल तुमी खुरपं घेऊन मागच्या दारी बसलेले. नळाजवळचं हिरवं खुशाल खरवडा, ते बुळबुळीत आहे, पाय घसरतो. पण आयच्या दगडाला हात लावू नका. म्हणजे लावून बघा, मखमलीसारखं लागेल. ओहोळातनं तो दगड तिनं शेवाळासकट उचलून आणलेला, आणि रोज तांदळाचं धुवण ओतून ते वाढवलं. माझे एवढे लाड नाय केले.

आता ते तपकिरी पडलंय. आय गेल्यापासून तेरा दिवस शेजारचे डबे आले, घरात भातच शिजला नाय, मग धुवण कुठलं? पण ते मेलेलं नाय. ओल मिळाली की परत हिरवं होतं.

डबे कालपासून बंद झाले. तांदूळ पत्र्याच्या डब्यात आहेत. वाटीभर घ्या, दोनदा धुवा, पाणी त्या दगडावर ओता.

फोनवर तुमी जेवलो म्हणाल. शनिवारी येईन तेव्हा मी आधी दगड बघेन.

रेश्मा