काकू हळू नाही

आई, काकूला मी तुझ्याविरुद्ध फूस लावलेली नाही. फोन आपटायच्या आधी एवढं तरी ऐकायचं होतंस.

मी इथे जे गणित शिकते ना, त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाची एक ओळ असते, आणि कुणी कुणासाठी कुठे थांबायचं तेही लिहितात. कामाला नेमका किती वेळ लागेल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून साधारण अंदाज धरायचा. त्यावरून कोण किती वेळ नुसतं बसून राहील ते निघतं. इतकं देखणं आहे की मी आपलं शिलाईचं दुकान दोन ओळींत लिहून आमच्या बाईंना दाखवलं. तू शर्ट शिवतेस, काकू काज-बटण करते; आणि तू नेहमी म्हणतेस तसं, काकू हळू म्हणून उशीर होतो, असंही लिहिलं.

बाई म्हणाल्या, "काकू हळू आहे हे तू मोजलंस, की आईनं सांगितलं?"

म्हणून मी काकूला फोन केला. एका शर्टाला तिला दहाएक मिनिटं लागतात, तुला चाळीस. पण तू दिवसभराचे दहा शर्ट साठवून संध्याकाळी एकदम देतेस. तोवर ती रिकामी बसते, आणि मग तू तिच्या डोक्यावर उभी.

महिनाअखेर तिला काढणार आहेस ना? त्याआधी एकच दिवस, शर्ट शिवून झाला की लगेच तिच्या हातात दे. तुझ्या शिवणीत आजवर कुणी खोट काढली नाही, मीही काढत नाहीये.

बाबांचा गुडघा कसा आहे? मी नीट जेवते.

पत्र टाकायला निघालेच. 'काकू हळूच आहे' असंच म्हणशील, ठाऊक आहे मला, पण ते काकूलाच म्हण, एकेक शर्ट हातात देता देता.

तुझीच,
उलट बोलणारी