दोन फायलींतला फरक

प्रिय धाकट्या,

पाकीट फाडून न टाकता उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस आणि समोर यायला मला तोंड नाही, म्हणून हा कागद. आई ठणठणीत आहे. तू गेल्याचा राग अजून माझ्यावरच काढते, आणि बरोबरच आहे तिचं.

दोन वर्षांपूर्वीची ती मीटिंग डोक्यातून जात नाही. दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपाचा प्रोग्राम आपण दोघांनी लिहिला, त्यातून पंपात घालायची फाइल तू तयार केलीस. तपासायला म्हणून मी त्याच कोडमधून माझ्या कंप्युटरवर फाइल बनवली, तर ती तुझ्या फायलीशी जुळेना. झालं! औषधाच्या मात्रेचा प्रश्न, मी आकांडतांडव केलं. तू गुपचूप काहीतरी घुसडलंयस, असं सगळ्यांदेखत म्हणाले. कोड तोच आहे, एवढंच तू म्हणालास आणि ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेलास.

गेल्या महिन्यात माझ्याच दोन कंप्युटरांवर एकाच कोडमधून बनवलेल्या फायली एकमेकींशी जुळेनात. आता चोर कुणाला म्हणायचं? मग आपल्या त्या जुन्या फायली काढल्या आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. फरक तीनच निघाले. फाइल बनल्याची वेळ. बाहेरून घेतलेलं एक पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. पॅकेजांच्या यादीत त्याच्यापुढे ‘असेल ते नवीन’ असं मीच लिहून ठेवलेलं, त्यामुळे माझ्याकडे पुढची आवृत्ती आली होती. आणि तिसरं, तुझ्या फोल्डरचं नाव, जे फायलीत आपोआप उमटतं. ते होतं ‘ताईचं काम आधी’. मी खूप रडले रे.

आता प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिली आहे, वेळ आणि फोल्डरचं नाव काढून टाकलंय. कुणीही, कुठेही बनवली तरी फाइल तीच निघायला हवी. परवा त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर उभी राहिले आणि चूक माझी होती, हे सांगितलं.

यापुढे दोघांनी वेगवेगळ्या जागी फाइल बनवायची आणि जुळली तरच ती पंपात जाईल, असा नियम केलाय. दुसरं नाव तुझं लिहिलंय, न विचारता. ताईगिरी म्हण हवं तर. सोबतच्या पेन ड्राइव्हवर सगळा कोड आहे. फाइल बनव आणि तिच्यावरून निघणारा चौसष्ट अक्षरांचा ठसा मला कळव; फायली अगदी सारख्या असतील तरच दोघांचे ठसे जुळतील. नाहीच जुळला, तर या वेळी आधी माझाच कंप्युटर तपासेन.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली
ताई