तीस टक्क्यांवर अडकलेला लॅपटॉप

मंगळवार, संध्याकाळ

कारखान्यातल्या लॅपटॉपची सिस्टीम साध्या आवृत्तीवरून वरच्या 'प्रो' आवृत्तीवर न्यायची होती. दहावी नापास असून "मला येतं" म्हणालो होतो, म्हणजे नोकरीच पणाला. सूचना दोनदा वाचल्या. 'मध्येच बंद करू नका' ही तर तीनदा. बॅटरी मेलेली, सगळी मदार चार्जरवर.

तीस टक्क्यांवर अडकला. अर्धा तास झाला तरी तीसच. गोल फिरतोय, आकडा हलत नाही.

मालक रऊफचाचा मागे येऊन उभे राहिले. उभा जन्म लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवण्यात गेलेला. "फिरतंय, पन माल पुढे सरकत न्हाय? बंद कर पहिलं, नायतर तागा फाटेल!"

"चाचा, हा लूम नाही..."

तोवर त्यांनी पिन उपटली होती.

पडदा काळा. मी मनात राजीनामा लिहिला, शुद्धलेखनही तपासलं. चाचांनी सावकाश चहा संपवून पिन परत लावली. लॅपटॉप सुरू झाला, आकडा सरसर शंभरावर गेला, आणि खरंच प्रो!

पण कसं? सूचनांत तर हे कुठेच नव्हतं. नोकरी राहिली, उलट काम वाढलं. चाचा म्हणाले, "बेटा, धामणकर नाक्यावर भाच्याचं दुकान हाय, उद्या त्याचा लॅपटॉप करू. तू वाचत बस, बंद मी करतो."