होडीत टाकीचा फ्लोट

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

होडी! आमच्या दुकानात! इंदिरानगरात ना तळं ना ओढा, आणि शटरसमोर टेम्पोतून होडी उतरली. आजवर पाणबुडी मोटारी आल्या, मिक्सर आले, एकदा बिघडलेला विजेचा पाळणा आला होता. होडी पहिलीच.

मालकीण नवसाबाई. गंगापूर धरणाच्या पाण्यापलीकडे त्यांचं झेंडूचं रान. फुलं इंजिनाच्या होडीतून अलीकडे आणतात. तळाला कुठून तरी पाणी झिरपतं. "एका हातानं इंजिन धरू का डबड्यानं पाणी उपसू? दसऱ्याला लय फुलं हायेत, आन् मला पवता येत नाय!" पाणी साठलं की आपोआप उपसणारा पंप हवाय.

अण्णा म्हणाले, "बसवून देतो. सून आहेच हाताखाली."

हाताखाली! माझं आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट लोणच्याच्या बरणीवर झाकायला आहे का?

२० सप्टेंबर

खंडेनवमीच्या आत दुकानाची पाटी नव्याने रंगवायची आहे. 'भिमाजी अँड सन्स, मोटर रिवाइंडिंग'. सन एकच – माझा नवरा. तो बँकेत. अमोलकडे पक्कड मागा, पाना आणून देतो. अकरा वर्षं जळालेल्या मोटारींत तांब्याची तार मी भरतेय. म्हटलं, अण्णा, पाटीवर माझं नाव टाका.

"बघू."

सासऱ्यांचं 'बघू' मी ओळखून आहे. बाथरूमच्या नळाचं 'बघू' सहा वर्षं चाललंय.

शिवाय काम करताना दर मिनिटाला घसा खाकरतात. मोजलं मी! एक दिवस त्यांच्या घशालाच स्विच बसवीन.

ही वही रिकाम्या रिळांच्या खोक्यात, तळाशी. अण्णा पंचांगाशिवाय काही वाचत नाहीत, म्हणून निर्धास्त.

२१ सप्टेंबर

अण्णांनी आज एकदाही घसा खाकरला नाही. बरं नाही की काय?

२३ सप्टेंबर

होडीच्या सगळ्यात खोल जागी पंप बसवला. पाइप बाहेर काढायच्या भोकावरून भांडण. अण्णा म्हणे खाली, पाण्यालगत घेऊ, पंपाला चढ कमी. अहो, फुलं भरली की होडी खाली बसणार, भोक पाण्यात जाणार, पंप थांबला की त्याच पाइपातून धरण आत येणार! पण मी तोंड उघडताच "मला शिकवतेस?" म्हणाले. राग सगळा इथं काढतेय.

२४ सप्टेंबर

"भोक वर काठाजवळ घेऊ," अण्णा आपणहून! "नाहीतर पाइपातून धरण आत येईल." म्हणजे माझंच वाक्य, तेही शोध लागल्याच्या ऐटीत. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

गॅरेजवाल्या खाजाभाईंकडून बॅटरी आली. वायर थेट बॅटरीवरून घेतली, मध्ये फ्यूज. इंजिनाच्या चावीवर ठेवली असती तर काठाला बांधलेली होडी रात्रभर भरत राहिली असती. हे मात्र अण्णांनी न भांडता ऐकलं.

२६ सप्टेंबर

हसून हसून पोट दुखलं. तेही मनातल्या मनात, कारण अण्णा समोर होते.

त्यांनी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच, लावलाय गच्चीवरच्या टाकीसारखा! जन्मभर टाक्यांनाच लावले, हात सवयीने तिकडेच गेला. टाकी वेगळी, होडी वेगळी! टाकीत पाणी उतरलं की पंप सुरू व्हायचा, होडीत चढलं की. आता हा पंप कोरड्या होडीत घरघरणार आणि बुडत्या होडीत मुक्काट बसणार. तपकिरी वायर काढून निळी लावायची, दोन मिनिटांचं काम.

सांगणार नाही! रविवारी काठावर नवसाबाईंसमोर चाचणी आहे. पंप बंद पडला की मी पक्कड घेऊन पुढे. मग बघू पाटीवर कुणाचं नाव!

२८ सप्टेंबर, रविवार

सगळं लिहिते.

धरणावर गेलो तर नवसाबाईंनी अख्खी वस्ती गोळा केलेली. होडीला झेंडूची माळ. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ हातात, बहात्तराव्या वर्षी नवरदेवासारखे ताठ. मला एकदम भरून आलं. इतक्या परक्या लोकांत हसं होऊ द्यायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. जाऊ दे म्हटलं ती पाटी.

ते नारळ फोडायला वळले, मी होडीत वाकले. अण्णा टेप असा गुंडाळतात की वायरीचा मूळ रंग दिसत नाही. एक टोक जोडलेलं, एक मोकळं. जोडलेलं काढलं, मोकळं लावलं. मीटर लावून बघितलं नाही. माहीत होतं ना मला!

बॅटरी जोडली. कोरडी होडी – आणि पंप घरघरायला लागला! नवसाबाईंनी बादलीभर पाणी ओतलं. बंद. आणखी एक. बंदच. "आवं, ह्यो तर पानी बघून घाबरला!" वस्ती हसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

अण्णा शांतपणे होडीत उतरले. टेप सोडला, टोकं बदलली. पंप सुरू, पाण्याची धार बाहेर, टाळ्या! मग माझ्याकडे बघत म्हणाले, "टाकी वेगळी, होडी वेगळी."

म्हणजे फ्लोट आधीच बरोबर झाला होता, आणि तो उलटा केला मी! पण अण्णांना चूक कळली कधी? आणि हे वाक्य मी बोलले कुठे होते?

२९ सप्टेंबर

वही उघडली. कालच्या पानाखाली दुकानातल्या लाल पेन्सिलीने, अण्णांच्या अक्षरात:

'निळी मी शनिवारीच लावली होती. मीटर लावल्याशिवाय वायरीला हात लावत जाऊ नकोस. पेंटर उद्या येतोय, सन्स खोडायला सांगितलंय. पाटीवर नुसतं मंजुषा हवं की आडनावासकट, ते इथंच लिही, मी वाचतो. आता घसा खाकरला तर चालेल का?'