रिकाम्या गाडीचं वजन

२ जानेवारी १९८८, आदिलाबाद
ठरलं. वसंत पंचमीला नातवाला, दत्तूला, घेऊन बासरला जायचं. मुलाला सुट्टी नाही. म्हणजे सरस्वतीपुढे दत्तूला मांडीवर बसवून, हात धरून, तांदळात पहिलं अक्षर मी काढून घेणार. व्याही केशवराव रिटायर्ड मास्तर. ते म्हणतात, बसनं जाऊ, हात मीच धरीन, मले सवय हाये. ही सवयच मोडायची आहे.
बसनं नाही जायचं. मेहुण्याची, दौलतची, जीप आहे. तिच्यामागे माझं फिरतं घर! जुना ट्रेलर घेतला, वर पत्र्याची खोली. आत पलंग, स्टोव्ह, खिडकीला पडदे.

५ जानेवारी
टायर घेतले. दुकानदारानं विचारलं, वजन कितना? कापसाच्या बाजारात अख्खी हयात काट्यावर काढलेल्या माणसाला हा प्रश्न! भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजा करायचं. उरतो तो माल. आमचा माल म्हणजे घरची माणसं, गाद्या, भांडीकुंडी, तांदूळ. सात क्विंटल. टायरच्या कडेला आकडा असतो; दोन्ही मिळून आठ क्विंटल उचलतात. वर एक क्विंटल शिल्लक! तो ट्रकचे जाड टायर दाखवत होता. नको म्हटलं. दत्तूला धक्के बसतील.
घरी हिशेब सांगितला. ही म्हणाली, "अन् तो डब्बा काय हवेत उडून राह्यला?" बायकांना बाजाराची पद्धत समजत नाही.

१० जानेवारी
कडप्प्याचा ओटा बसवला. झकास. दौलत म्हणाला, भाऊजी, टायर बसून राह्यले. त्याला समजावलं: ओटा सिमेंटनं पक्का केलाय, म्हणजे तो गाडीतच धरायचा. आणि गाडी वजा. तो मान हलवत जीपकडे गेला. पटलं असावं.

१४ जानेवारी
पाण्याची टाकी. लोखंडी कपाट. दोन्ही बोल्टनं आवळली. वजा.
डाव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आलाय. थंडीमुळे. ही रोज सकाळी जाऊन तिथं उभी राहते आणि काही न बोलता परत येते. बोलत नाही, हे मला आवडलेलं नाही.

१९ जानेवारी, पहाटे
स्वप्नात काटा. त्यावर कोणीच नाही आणि आकडा चढतोच आहे.
उठून बॅटरीनं टायर बघितला. फुगवटा आता संत्र्याएवढा. भीती वाटली. इथं लिहायला हरकत नाही, चांगलीच वाटली.
चहा घेऊन पुन्हा वजाबाकी केली. बरोबर आली. आता टायर बदलले तर केशवराव हसतील. खाली झालर लावून टाकायची. शोभाही येईल.

२२ जानेवारी, दुपार, घाटाच्या अलीकडे
केशवराव सकाळीच बसनं पुढे गेले. घाबरट माणूस.
आमचा प्रवास मजेत. फक्त ट्रेलर डावीकडे ओढतो. सून पंचफुला म्हणाली, मामंजी, रबर जळल्यावानी वास येते. चहाला थांबलो. हिनं झालर वर करून टायरला हात लावला, तो चटकन मागे घेतला. मग दत्तूला कडेवर घेऊन म्हणाली, "आमी बसनं जातो. तुमी या तुमचं घर घेऊन." पंचफुला गाद्या-भांडी घेऊन तिच्यामागे. टपरीवरची माणसं बघत होती. असा अपमान कधी झाला नव्हता.
एक मात्र झालं. माल उतरला. म्हणजे टायरवर आता वजनच नाही!

२३ जानेवारी, संध्याकाळ, बासर
काल घाटात दुसऱ्याच वळणावर डावा टायर फुटला. ट्रेलर जीपपासून तुटला आणि कठडा फोडून खाली गेला. दौलत आणि मी वाचलो. दौलत एवढंच म्हणाला, "भाऊजी, रिकामीच तं होती."
मी वाकून बघितलं. पत्रा फाटून आतलं दिसत होतं; पलंगावर ओटा पडला होता. त्या पलंगावर, खिडकीपाशी, दत्तूला झोपवायचं मीच ठरवलं होतं. रस्त्यातच बसलो.
रात्र पोलिसांत गेली. इथं पोचलो तेव्हा देवळातली गर्दी ओसरली होती. अक्षर सकाळीच काढून झालं, केशवरावांच्या मांडीवर. ते हसले नाहीत. माझ्यासाठी पाणी घेऊन आले.
ओसरीत दत्तूला जवळ घेतलं. फरशीवर मूठभर तांदूळ पसरले आणि त्याचं बोट धरलं. तो हात ओढू लागला.
"सोड ना आबा. मले येते."
मी सोडला.