घोट्यातली प्लेट आणि सोसायटीचं सचिवपद

३ ऑक्टोबर २०१४
तलावाच्या पाळीवरून घसरलो. उजवं पाऊल भलतीकडेच वळलं. ओल्या दगडावर पाय देऊ नको, असं धाकट्या भावाने, चिंधूने मिनिटभर आधी म्हटलं होतं. त्याच्या जिभेलाच विष आहे.
संध्याकाळी एकोडीहून भंडाऱ्याच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणतो, घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडलीत, प्लेट लावावी लागेल. पण आधी सूज उतरू दे. टाइमपास करतो आहे.

९ ऑक्टोबर
ऑपरेशन झालं. कमरेखाली बधिर, पण कान शाबूत. सुताराच्या दुकानासारखा ड्रिलचा आवाज. बाहेरून प्लेट, आतून दोन स्क्रू. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणे. पोरगेलासा डॉक्टर, पुस्तकातलं बोलतो. मला तीन पुरेत.

२२ ऑक्टोबर
टाके निघाले. वॉकर मिळाला. जरा पाय खाली नेला की मंदाबाई ओरडते. बायको आहे की पोलीस?
चिंधू माझ्या वाट्याचं जाळं टाकतो, रोज सकाळी मासळी घरी आणून देतो. मी मच्छीमार सोसायटीचा सचिव. याला ती खुर्ची हवी आहे. त्याची मासळी खायची नाही, असं ठरवलं. फक्त रस्सा घेतला.

१ नोव्हेंबर, पहाटे
नऊ तारखेला सभा, सचिवाची निवड. वॉकर घेऊन गेलो तर लंगडा म्हणून काढतील. मंदाबाई झोपेत असताना परसात अकरा पावलं चाललो. डोळ्यांत पाणी आलं. हाड जुळताना दुखतंच.

९ नोव्हेंबर
सभेला स्वतःच्या पायांनी गेलो. पायरीवर घोट्यात कट्‌ झालं. दुर्लक्ष केलं. चिंधू बोलायला उभा राहिला. काहीही बोलला तरी हाणून पाडायचं, हे घरूनच ठरलं होतं. त्याने तोंड उघडताच मी ओरडलो, विरोध आहे. प्रोसिडिंगमध्ये लिहा.
चिंधू माझ्याकडे बघतच राहिला.
"दादा, तुयंच नाव घेऊन राहिलो होतो. आता कोनाले करू?"
माघार कशी घेणार? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. लोकांनी चिंधूलाच केलं. तो नको नको म्हणत होता. नाटकी.

१३ नोव्हेंबर
पाय भोपळ्यासारखा. एक्स-रेत प्लेट वाकलेली, स्क्रू तुटलेले. किती चाललात, डॉक्टरने विचारलं. पाय टेकवलाच नाही, म्हणालो. मंदाबाईने अकरा पावलांपासून सभेपर्यंत सगळं सांगून टाकलं. ती जागीच होती म्हणे.

१५ नोव्हेंबर
जुनी प्लेट काढली, नवी लावली. कमरेचं हाड खरवडून घोट्यात भरलं. आता बारा आठवडे. डॉक्टरशी वाद घातला नाही.
चिंधू दोन दिवसांपासून इथेच आहे. लघवीचं भांडंही तोच देतो. आज म्हणाला, "लई दुखते का?"
हो म्हटलं.