फुगायला जागा

१२ एप्रिल

कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून लिहिते. आज धक्क्यावर, सगळ्यांदेखत, मी धाकट्याला वाट्टेल ते बोलले. सख्खा भाऊ, साठीला टेकलेला!

बाबांची शिडाची होडी वर्षभर शेडमध्ये कोरडी पडून होती. त्याने दवाखाना सांभाळून, सुट्टीचे दिवस घालवून फळ्यांमधल्या फटींत सूत ठासलं, वर मऊ लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. आज पाण्यात उतरवली — आणि तळातून चहूकडून पाणी! तो शांतच. "ताई, लाकूड सुकलंय. दोन दिवस भिजू दे. फळ्या फुगतील, फटी मिटतील."

"लोकांचे दात भरतोस, एक होडी भरता येत नाही? उद्या पेशंटनाही सांग — दोन दिवस भिजू द्या!"

लोक हसले. मला बरं वाटलं. त्याने हातातला पाणी उपसायचा डबा होडीत ठेवला आणि निघून गेला. लहानपणापासून डबा त्याच्याकडे, सुकाणू माझ्याकडे.

१५ एप्रिल

होडी वर ओढून घेतली. त्याचं सगळं सूत उपटून काढलं. फटींत एपॉक्सी भरली — वाळली की दगड! रसायनशास्त्राची पदवी काय भिंतीला टांगायला घेतली होती?

१९ एप्रिल

उतरवली. आत थेंब नाही! भावजयीला मुद्दाम फोन केला. "सांग तुझ्या नवऱ्याला, कोरडी ठणठणीत आहे."

"सांगते," म्हणाली. एवढंच.

२३ एप्रिल

होडी काठापर्यंत बुडाली.

धक्क्यावरचा पहारेकरी म्हणाला, "बाई, केवढ्यानं कडाडलं!" फळ्या फुगल्या, माझ्या दगडाने जागा दिली नाही. तळाची एक फळी उभी चिरली. बाबांनी स्वतः बसवलेली.

मान खाली घालून घरी आले.

२४ एप्रिल

फोन उचलला. ठेवला.

२५ एप्रिल

त्याच्या दवाखान्यात गेले. नंबर लावून पेशंटमध्ये बसले. आत गेल्यावर तो सवयीने म्हणाला, "बसा, तोंड उघडा" — मग वर बघितलं.

"काय दुखतंय, ताई?"

"फळी चिरली. माझ्यामुळे."

"बाबांची?"

"हो."

बराच वेळ हातमोजेच काढत बसला. मग म्हणाला, "ती एपॉक्सी तू खरवडायचीस. मी हात लावणार नाही."

"खरवडते."

९ मे

बोटं सोलवटली. भावजय मलम देऊन गेली. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "ताई, त्या दिवशीचा तुमचा फोन स्पीकरवर होता. हे शेजारीच बसले होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ मे

नवी फळी, नवं सूत, मऊ लांबी — सगळं त्याच्या हातचं. उतरवली. पाणी आत आलंच! लोक माझ्याकडे बघायला लागले. आता ही काय बोलते!

मोठ्याने म्हणाले, "भिजू दे दोन दिवस. हा पहिल्यापासून सांगत होता. मीच ऐकलं नाही." कान तापले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं.

तो दोर बांधत राहिला. वर बघितलं नाही.

२१ मे

तळ कोरडा. सुकाणूचा दांडा धाकट्याच्या हाती दिला. त्याने पाणी उपसायचा डबा माझ्या हाती दिला.